क्लाउडवर कागदपत्रं ठेवायची तर कुठे? आणि किल्ली कुणाकडे?

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मागच्या महिन्यात लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. आधी दोन दिवस आतून टिकटिक ऐकू येत होती, मी पंख्याचा आवाज समजून दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी काळा पडदा आणि वर कोपऱ्यात एक पांढरी रेघ. बाबांच्या वह्यांचे स्कॅन (चारशेच्या आसपास पानं) वाचले ते निव्वळ योगायोगाने. छापून घ्यायचे म्हणून पेनड्राइव्हवर घेतले होते आणि तो पर्समध्येच पडून होता. बाकीचं बरंच गेलं.

तर आता क्लाउड घ्यायचं ठरवलंय. ठेवायचंय ते असं: फोटो, भरपूर. बाबांच्या वह्या. आणि आईचे तपासण्यांचे रिपोर्ट, पासपोर्टच्या प्रती, घराची कागदपत्रं, बँकेची पत्रं. हे शेवटचं भलत्याच्या हाती लागू नये अशी इच्छा आहे. भाऊ दुसऱ्या देशात असतो, यातलं काही ना काही त्यालाही अधूनमधून लागतं.

शोधायला बसले तर प्रत्येकाच्या जाहिरातीत तेच ते. 'लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन', 'बँकेसारखी सुरक्षा'. सगळेच सुरक्षित, तर मग निवडायचं कशावरून? मी तांत्रिक बाई नाही, पण नीट सांगितलं तर समजतं. (भाऊ म्हणतो समजत नाही. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.)

चहाटळ

रुमाल टाकून ठेवतो. माझं सगळं एकाच फोनमध्ये आहे आणि तो फोन कालच बादलीत पडता पडता वाचला.

रातकिडा

शेवंतीताई, "एन्क्रिप्शन आहे का?" हा प्रश्न सोडून द्या. सगळ्यांकडे आहे. फाइल तुमच्याकडून त्यांच्या सर्व्हरवर जाताना टीएलएस (वाटेतलं कुलूप) असतं, तिथल्या डिस्कवर बहुतेक ठिकाणी एईएस-२५६ (साठवणीतलं कुलूप) असतं. 'लष्करी दर्जा' म्हणजे हेच एईएस, तुमच्या फोनच्या पोटातही तेच आहे. कुलूप सगळ्यांचं एकाच कारखान्यातलं. किल्ली कुणाच्या खिशात आहे ते विचारा.

गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह यांच्या साध्या वैयक्तिक खात्यात किल्ली कंपनीकडे असते. सर्व्हर रूममधून कुणी डिस्क उचलून नेली तर त्याला काही वाचता येणार नाही. पण कंपनीला येतं. येतं म्हणूनच तर 'समुद्र' असं टाइप केलं की तुमचे समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो समोर येतात, स्कॅन केलेल्या कागदातले शब्द सापडतात. ती सोय आणि ही किंमत एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. वनड्राइव्हमध्ये 'पर्सनल व्हॉल्ट' नावाचं एक खास फोल्डर आहे, त्याला पुन्हा ओळख पटवावी लागते. चांगलं आहे, पण तो जास्तीचा दरवाजा झाला. मुख्य किल्ली तिथेच राहते.

दुसरा प्रकार एंड-टू-एंडचा. जाहिरातीत याला 'झीरो नॉलेज' म्हणतात. यात फाइल तुमच्या मशीनवरच कुलूपबंद होते आणि मग वर जाते. प्रोटॉन ड्राइव्ह, ट्रेसोरिट, मेगा, फाइलेन, सिंक डॉट कॉम हे त्यातले. पीक्लाउडवाल्यांचं 'क्रिप्टो' नावाचं फोल्डर तसं आहे, पण फक्त तेच. बाकीची फोल्डरं साधी. ॲपलने आयक्लाउडसाठी डिसेंबर २०२२ मध्ये 'ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' आणलं. ते आपण होऊन चालू करावं लागतं, आणि चालू केलं तरी मेल, कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर त्यातून बाहेरच राहतात.

जाहिरात न वाचता ओळखायची माझी पद्धत सांगतो. नवं खातं उघडा, एखादी फालतू फाइल चढवा, बाहेर पडा. मग दुसऱ्याच मशीनवरून 'पासवर्ड विसरलात?' दाबा. (दुसऱ्याच, कारण काही सेवा जुन्या मशीनवर सुटकेची सोय ठेवतात.) ईमेलवर लिंक आली, नवा पासवर्ड टाकला आणि फाइल मुकाट्याने उघडली, तर किल्ली त्यांच्याकडे आहे. 'रिकव्हरी फ्रेज नसेल तर जुन्या फाइली उघडणार नाहीत' असं बजावलं, तर किल्ली तुमच्याकडे. (रिकव्हरी फ्रेज म्हणजे पासवर्ड विसरल्यावर कामी येणारी शब्दांची माळ.) दहा मिनिटांचं काम आहे.

निवांत_काका

सगळं ठीक, पण आपल्यासारख्या सामान्य माणसाने एवढं कशाला करायचं? मला काय लपवायचंय? माझे नातवंडांचे फोटो बघून कुणाला काय मिळणार?

कोरी_पाटी

काका, लपवण्याचं नंतर बघू. आधी हे बघा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एक बातमी दिली होती. अमेरिकेतल्या एका बापाने लहान मुलाला झालेला संसर्ग डॉक्टरांना दाखवायचा म्हणून फोनवर फोटो काढला. डॉक्टरांकडच्या नर्सनेच मागितला होता. फोटो आपोआप क्लाउडवर चढला, गूगलच्या यंत्रणेला तो बालशोषणाचा वाटला आणि खातं बंद. पोलिसांनी तपास करून गुन्हा नाही असं सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही. ईमेल, फोटो, फोन नंबर, सगळं त्या एका खात्यात.

अशा फोटोंचा शोध घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण जिथे आपल्या फाइली दुसरा कुणी वाचतो, तिथे त्याचा गैरसमजही होऊ शकतो. आणि गैरसमज यंत्राचा असेल तर दाद मागायला समोर माणूस नसतो.

निवांत_काका

हं. हा मुद्दा लक्षात आला नव्हता.

आळशी_उंट

आता दुसरी बाजू मी मांडतो, कारण माझे पाय पोळलेत.

२०१९ मध्ये असलेच दोन-चार लेख वाचून मी एक झीरो-नॉलेज सेवा घेतली. नाव सांगत नाही, त्यांची चूक नव्हती. पासवर्ड मोठा हवा, कुठे लिहून ठेवायचा नाही, डोक्यात ठेवायचा, असं वाचलं होतं. म्हणून एका जुन्या कवितेची ओळ घेतली, मधले दोन शब्द बदलले, शेवटी आकडे. रोज टाइप करत होतो तोवर बोटांना पाठ होता. मग ॲपने लक्षात ठेवायला सुरुवात केली, मी टाइप करणं सोडलं. दीड वर्षाने फोन बदलला. ॲपने पासवर्ड विचारला आणि मी बघतच राहिलो. ओळ आठवते. कुठले दोन शब्द बदलले ते आठवत नाही.

तीन रात्री प्रयत्न केले. वहीत जोड्या मांडून एकेक खोडत गेलो. मदत केंद्राला लिहिलं, त्यांचं उत्तर फार सभ्य होतं: आम्ही तुमच्या फाइली वाचू शकत नाही, त्यामुळे तुम्हालाही देऊ शकत नाही. खात्यात दिसत होतं, २३ जीबी वापरलेली आहे. आहे तिथेच आहे सगळं. आजही असेल.

ताई, चोरी होऊन माझी एक फाइल कधी गेली नाही. किल्ली हरवून २३ जीबी गेली.

चहाटळ

बाप रे. रुमाल उचलतो आणि आत येऊन बसतो.

रातकिडा

उंटराव, मान्य. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. 'कुठे लिहू नका' हा सल्ला ऑफिसच्या मॉनिटरवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसाठी होता, तो घरच्या कपाटाला लागू करण्यात अर्थ नाही. तुमच्या घरात चोर शिरला तर तो सोनं बघेल. पाकिटातले बारा शब्द घेऊन तुमचं प्रोटॉनचं खातं उघडत बसणार नाही.

म्हणून रिकव्हरी फ्रेज कागदावर, शाईच्या पेनाने नाही तर पेन्सिलीने किंवा बॉलपेनने (शाई ओलाव्याने पसरते), दोन प्रती, दोन घरांत. फोटो काढून फोनमध्ये ठेवलात तर तो फोटो सिंक होऊन नेमका कुठल्या क्लाउडवर जाईल ते तुम्हालाच आठवणार नाही.

भिंगरी

मी वेगळं करते. ड्राइव्ह जुनाच ठेवलाय, त्यात क्रिप्टोमेटर टाकलंय. फोटोंसाठी काही नाही, फक्त कागदपत्रांसाठी. कुणी वापरतं का?

कुलूपवाला

क्रिप्टोमेटर वापरतो, सहा वर्षं झाली. ताई, तुमच्यासाठी मला तरी हेच योग्य वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे क्लाउड नाही. ही तिजोरी आहे, जी तुम्ही कुठल्याही क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवू शकता. प्रोग्राम मुक्त स्रोत आहे, जर्मनीतली एक छोटी कंपनी चालवते. उघडलं की संगणकावर एक जास्तीचा ड्राइव्ह दिसायला लागतो. त्यात फाइल टाकायची, ती कुलूपबंद होऊन ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये उतरते. बंद केलं की तो ड्राइव्ह गायब.

मजा बघायची तर एकदा ब्राउझरमधून तेच फोल्डर उघडून बघा. 'आईचा रक्ततपासणी रिपोर्ट' असं काही दिसणार नाही. 'डी' नावाचं एक फोल्डर, त्यात दोन-दोन अक्षरांची फोल्डरं, त्यात तीस अक्षरांच्या नावाची फोल्डरं आणि आत अगम्य नावांच्या फाइली, प्रत्येकीला सी-नाइन-आर अशी शेपूट. गूगलला तेवढंच दिसतं. सोबत 'मास्टरकी' नावाची एक लहानशी फाइल असते, तिला हात लावू नका. तुमच्या पासवर्डने ती उघडते आणि तिच्यातल्या किल्लीने बाकीचं उघडतं. म्हणून पासवर्ड बदलला तरी सगळ्या फाइली नव्याने चढवाव्या लागत नाहीत.

प्रत्येक फाइल वेगळी कुलूपबंद होते हा मोठा फायदा. पूर्वी मी व्हेराक्रिप्ट नावाच्या प्रोग्रामने एकच मोठा कुलूपबंद डबा करून ठेवायचो, पाच जीबीचा. त्यात एक ओळ बदलली तरी कित्येक सेवा अख्खा डबा पुन्हा चढवायला घ्यायच्या.

काय लपत नाही तेही सांगतो. किती फाइली आहेत, साधारण किती मोठ्या आहेत, केव्हा बदलल्या, हे ड्राइव्हला दिसतं. आमच्यासारख्यांना चालतं.

आणि तिजोरी करतानाच 'रिकव्हरी की' तयार करू का असं विचारतो. हो म्हणा. शब्दांची लांबलचक माळ येते. ती छापा.

भिंगरी

छापायची राहिलीच होती. आत्ता छापली. धन्यवाद.

सूक्ष्मदर्शक

वर झीरो नॉलेजवाल्यांची यादी आली आहे, तिला एक तळटीप.

किल्ली तुमच्याकडे आहे हा कंपनीचा दावा असतो. तो खरा की खोटा हे कुणीतरी तपासावं लागतं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये मेगाची तपासणी केली. सर्व्हर चालवणाराच बेइमान झाला तर काय, असं धरून. निघालं असं की माणसाने ५१२ वेळा लॉगिन केलं तर तेवढ्या फेऱ्यांत सर्व्हरला त्याची खासगी किल्ली थोडी थोडी करून काढता येत होती. पाचशे बारा वेळा म्हणजे वर्षा-दीड वर्षाचं रोजचं लॉगिन. मेगाने दुरुस्ती केली.

२०२४ मध्ये त्याच विद्यापीठातून पाच सेवा तपासल्या गेल्या: सिंक डॉट कॉम, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल आणि ट्रेसोरिट. पहिल्या चारांमध्ये गंभीर त्रुटी निघाल्या, कुठे सर्व्हरला तुमच्या खात्यात स्वतःच्या फाइली घुसवता येत होत्या, कुठे किल्लीच बदलून टाकता येत होती. ट्रेसोरिट त्यातल्या त्यात बरंच बरं निघालं.

याचा अर्थ या सेवा टाकाऊ आहेत असा नाही. सर्व्हरच शत्रू झाल्यावरचे हे हल्ले आहेत आणि साध्या ड्राइव्हमध्ये सर्व्हरला मुळात हल्ल्याची गरजच नसते, किल्ली त्याच्याकडेच आहे. पण मी निवडताना दोन गोष्टी बघतो: ॲपचा कोड खुला आहे का, आणि बाहेरच्या कुणी तपासल्याचा अहवाल पूर्ण वाचायला ठेवलाय का. नुसतं बोधचिन्ह चिकटवलेलं असेल तर मी पुढे जातो.

निवांत_काका

आणि ते स्वित्झर्लंडचं काय? जो तो सांगतो सर्व्हर स्वित्झर्लंडमध्ये आहे, डोंगराच्या पोटात आहे.

पाचवा_खांब

डोंगर बॉम्बपासून वाचवतो काका, कोर्टाच्या आदेशापासून नाही.

सर्व्हर कुठे आहे यापेक्षा कंपनी कुठल्या कायद्याखाली येते हे जास्त महत्त्वाचं. अमेरिकेत २०१८ मध्ये 'क्लाउड ॲक्ट' आला. अमेरिकी कंपनीकडे डेटा असेल तर तो दुसऱ्या देशातल्या सर्व्हरवर असला तरी तिथलं सरकार कायदेशीर मार्गाने मागू शकतं. स्वित्झर्लंडचे कायदे कडक आहेत, पण २०२१ मध्ये तिथल्याच आदेशावरून प्रोटॉनला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता द्यावा लागला होता. मेलमधला मजकूर मात्र देता आला नाही, कारण तो त्यांना वाचताच येत नव्हता. या एका उदाहरणात दोन्ही गोष्टी आल्या. देश कुठलाही असो, कंपनीकडे जे आहे ते मागितलं जाऊ शकतं.

सरकारं हेही जाणून आहेत. ब्रिटनमध्ये सरकारने कुलूपबंद डेटापर्यंत वाट मागितली, तेव्हा ॲपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या नव्या ग्राहकांसाठी ते ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शनच काढून घेतलं. रातकिड्याने वर ज्याची तारीफ केली तेच. म्हणजे सेवेतलं कुलूप सेवा काढूही शकते. आपलं स्वतःचं कुलूप (कुलूपवाल्याची तिजोरी) असेल तर हा प्रश्न येत नाही.

रातकिडा

तारीफ नाही, नोंद केली होती. बाकी अनुमोदन.

जुगाडू

एवढी दुसऱ्यांची मनधरणी कशाला? जुना पीसी घ्या, लिनक्स टाका, नेक्स्टक्लाउड बसवा. आपला सर्व्हर, आपली किल्ली, आपलं राज्य. मी चार वर्षं चालवतोय.

आळशी_उंट

जुगाडूशेठ, धागाकर्तीची डिस्क टिकटिक करत होती आणि तिला तो पंखा वाटला, हे वाचलंत ना? :)

जुगाडू

हे बाकी खरं. बरं, मग निदान सिंकथिंग तरी? मध्ये सर्व्हरच नाही, तुमचा संगणक आणि भावाचा संगणक थेट बोलतात.

कुलूपवाला

सिंकथिंग उत्तम आहे, मीही वापरतो. पण दोन्ही मशीन एकाच वेळी चालू लागतात, आणि दोन देशांतली माणसं एकाच वेळी जागी असणं अवघड. शिवाय अँड्रॉइडचं अधिकृत ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झालं, आता दुसऱ्यांनी पुढे चालवलेलं घ्यावं लागतं. घरचा सर्व्हर म्हणजे अपडेट, बॅकअप, वीज, राउटर सगळं आपल्या गळ्यात. जुगाडूंना ते आवडतं. मला रविवारी झोपायला आवडतं.

शेवंती (धागाकर्ती)

अरे बापरे, दोन दिवस आले नाही तर इथे एवढं! सगळ्यांचे आभार. पंख्यावरून हसलात त्याबद्दल उंटदादांना माफ केलंय, त्यांचे २३ जीबी वाचून वाईट वाटलं.

दोन शंका. एक, भावाला एखादी फाइल पाठवायची तर लिंक पाठवते. एंड-टू-एंडमध्ये लिंक कशी चालते? ज्याच्याकडे किल्ली नाही तो उघडतो कसा? दोन, एकदा क्लाउडवर टाकलं की लॅपटॉपवरून उडवलं तरी चालेल ना? जागा कमी आहे.

रातकिडा

पहिली शंका फार चांगली आहे, फार कमी लोक विचारतात. (भावाला दाखवा हे वाक्य.)

मेगाची किंवा तसली लिंक नीट बघा. शेवटाकडे # हे चिन्ह असतं आणि त्याच्यापुढे अक्षरांची माळ. ती माळ म्हणजे त्या फाइलची किल्ली. ब्राउझरचा नियम असा की # च्या पुढचा भाग तो सर्व्हरला पाठवतच नाही, स्वतःजवळ ठेवतो. म्हणजे भावाने लिंक उघडली की सर्व्हर कुलूपबंद फाइल देतो, आणि भावाचा ब्राउझर त्या माळेने ती उघडतो. गंमत अशी की सर्व्हरच्या हातात किल्ली पडतच नाही.

पण हेच उलटही होतं. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती किल्ली पडली. तुम्ही ती साध्या ईमेलने पाठवलीत, तर ईमेल कंपनीकडे लिंकही आहे आणि किल्लीही. म्हणून लिंकला वेगळा पासवर्ड लावा आणि तो फोनवर सांगा, मुदत घाला, काम झालं की लिंक बंद करा. पासपोर्टच्या लिंका वर्षानुवर्षं उघड्या पडलेल्या असतात, लोकांना आठवतही नाहीत. आठवण आली तर आजच 'शेअर केलेल्या' यादीत एक फेरी मारा.

मुक्ताफळ

दुसऱ्या शंकेला मी ओरडून उत्तर देते: नाही नाही नाही. लॅपटॉपवरून उडवू नका!

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक हा आरसा आहे. इकडे उडवलं की तिकडेही उडतं. लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं आणि त्याने फाइली बिघडवल्या तर बिघडलेल्या फाइली इमानदारीने वर चढतात. बऱ्याच सेवा जुन्या आवृत्त्या काही दिवस ठेवतात, त्यातून सुटका होते, पण किती दिवस ते घेतानाच बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या ॲपमध्ये गडबड होऊन काही लोकांच्या फाइली दिसेनाशा झाल्या होत्या. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं, ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती त्यांचं गेलं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक. त्याचाही पंखा टिकटिक करतो.

तीन प्रती, दोन प्रकारच्या जागांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना हिशोब आहे. लॅपटॉप, एक बाहेरची हार्ड डिस्क, एक क्लाउड. झालं.

आणि कुणी 'लाइफटाइम प्लॅन' घ्या म्हणालं तर विचारा, कुणाच्या आयुष्यभर? तुमच्या की कंपनीच्या? वुआला नावाची एंड-टू-एंड सेवा होती, स्विसच, २०१५ मध्ये बंद झाली. ॲमेझॉनसारख्या धनाढ्य कंपनीनेही आपला ॲमेझॉन ड्राइव्ह २०२३ च्या शेवटी गुंडाळला. बॉक्सक्रिप्टर क्रिप्टोमेटरसारखंच काम करायचं, ते २०२२ मध्ये ड्रॉपबॉक्सने घेतलं आणि नव्या लोकांसाठी दार बंद. या तिघांनी निदान आधी सांगितलं. मेगाअपलोड जानेवारी २०१२ मध्ये बंद पडलं तेव्हा ज्यांच्या साध्यासुध्या घरगुती फाइली तिथे होत्या त्यांना सांगायलाही कुणी उरलं नव्हतं. मी पैसे वर्षाचे भरते आणि वर्षातून एकदा सगळं खाली उतरवून घेते.

कोरी_पाटी

मुक्ताफळ +१.

एक राहिलंच. खात्याचं दार. कुलूप कितीही भारी असो, लोक पासवर्ड हाती लागून आत शिरतात. २०१४ मध्ये नामांकित लोकांचे आयक्लाउडवरचे फोटो फुटले, तेव्हा ॲपलचं एन्क्रिप्शन कुणी फोडलं नव्हतं, खोट्या ईमेल पाठवून पासवर्ड काढून घेतले होते. ड्रॉपबॉक्सचे सहा कोटी ऐंशी लाखांच्या वर ईमेल आणि हॅश केलेले पासवर्ड २०१२ मध्ये चोरीला गेले आणि त्यांचा पूर्ण आकडा बाहेर आला २०१६ मध्ये. चार वर्षं! ज्यांनी तोच पासवर्ड दहा ठिकाणी लावला होता त्यांनी काय करायचं?

तेव्हा पासवर्ड मॅनेजर आणि पासवर्डनंतर ओळख पटवायची दुसरी पायरी. दुसरी पायरी एसएमएसची नको, सिम दुसऱ्याच्या नावे वळवून घेतात. ऑथेंटिकेटर ॲप किंवा यूएसबीची हार्डवेअर की. की घेतलीत तर दोन घ्या.

निवांत_काका

शेवटचा प्रश्न, जरा अशुभ वाटेल. हे सगळं इतकं घट्ट बंद केलं आणि उद्या मीच राहिलो नाही तर? बायकोला कागद कसे मिळायचे?

आळशी_उंट

काका, अशुभ कसलं, हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे.

गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. ठरावीक महिने तुम्ही फिरकला नाहीत तर नेमलेल्या माणसांना डेटा जातो. ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. पण कुलूपवाल्याच्या तिजोरीसाठी असलं काही नाही. तिथे पाकीटच. मी आता तसंच केलंय. पाकिटात रिकव्हरी की, कुठल्या क्लाउडवर तिजोरी आहे ते, आणि ती कशी उघडायची त्याच्या सात ओळी. बायकोने त्या सात ओळी वाचून माझ्या मदतीशिवाय तिजोरी उघडून दाखवली. पहिल्या वेळी जमलं नाही, कारण 'ॲप उतरवून घे' हे लिहायचं मी विसरलो होतो. आता आठ ओळी आहेत.

निवांत_काका

हे करतो. आजच.

चहाटळ

मी अजून रिकव्हरी फ्रेज म्हणजे काय इथेच आहे, पण वाचनखूण साठवली आहे.

शेवंती (धागाकर्ती)

मंडळी, तीन आठवड्यांनी अपडेट देते.

फोटो जिथे होते तिथेच, साध्या ड्राइव्हवर ठेवलेत. शोधायची सोय मला हवी आहे, आणि आईच्या वाढदिवसाच्या फोटोंनी कंपनीला काय शिकायचं ते शिकू दे. कागदपत्रांसाठी त्याच ड्राइव्हवर क्रिप्टोमेटरची तिजोरी. एंड-टू-एंड सेवेचा विचार केला होता, पण सूक्ष्मदर्शक आणि पाचवा खांब यांचं वाचून वाटलं, कुलूप आपलं आणि जागा दुसऱ्याची हे बरं. उद्या जागा बदलायची तर फोल्डर उचलायचं आणि दुसरीकडे ठेवायचं. सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, ती मावशीकडे. बाबांच्या वह्या दोन्हीकडे, कुलपाशिवाय. भाऊ म्हणाला त्यांनाही कुलूप लाव. मी म्हटलं बाबा आयुष्यभर लोकांनी वाचावं म्हणून लिहीत होते, आता कुणी चोरून का होईना वाचलं तर ते खूशच होतील.

शेअर केलेल्या यादीत फेरी मारली. सहा वर्षांपूर्वीची माझ्या पासपोर्टची लिंक उघडीच होती. कुणाला पाठवली होती ते आठवत नाही.

उंटदादांची परीक्षाही घेतली. भावाला पाकिटातला मजकूर फोनवर वाचून दाखवला, एकही शब्द जास्तीचा सांगितला नाही. रिकव्हरी कीच्या माळेत एक शब्द त्याने चुकीचा टाइप केला, त्याने अडीच मिनिटं खाल्ली आणि त्यावरून भांडणही झालं. मग उघडली. त्याने तिकडे बसून एकेक फाइल उघडून पाहिली. सगळ्या नीट आहेत, फक्त एकतिसावी कोरी दिसते म्हणाला. मला धस्स झालं. डिस्कवरच्या प्रतीत पाहिलं, तिथेही कोरीच. मग आठवलं, घराच्या करारनाम्याचं ते पान मी स्कॅनरवर उलटं ठेवलं होतं.

उद्या पुन्हा स्कॅन करते.